सागर परिक्रमा

शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याचा भारतीय नौदलाचा उपक्रम. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी (१९२७–२०१८) यांच्या कल्पनेतून तो साकारला. नौदल अधिकारी दिलीप दोंदे २००६ मध्ये स्वेच्छेने पुढे आले. मात्र तेव्हा नौकाच अस्तित्वात नव्हती. ‘म्हादेई’ ही सु. १७ मी. लांबीची नौका गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधण्यात येऊन २००९ मध्ये नौदलात दाखल झाली.

आखणीत पॅसिफिकचा टप्पा सर्वांत जोखमीचा होता. उष्ण कटिबंधातील बेटांच्या वाटेवर व्यापारी वारे पूर्वेकडून वाहत असल्याने पूर्वेकडे निघालेल्या नौकेस ते प्रतिकूल ठरतात. म्हणून न्यूझीलंडमधील लिटलटन बंदर सोडल्यावर दक्षिणेकडील वादळी पश्चिमी वाऱ्यांचा मार्ग पत्करावा लागला. नौकेच्या मूळ डच आराखड्याचे नाव ‘टोंगा’ असले, तरी तो द्वीपसमूह बराच उत्तरेस राहिला. पुढचा नियोजित थांबा थेट फॉकलंड बेटांवर होता. वाटेतील केप हॉर्न दक्षिण गोलार्धातील उन्हाळ्यातच ओलांडता यावे, या हिशेबाने दोंदे यांनी ऑगस्ट २००९ मध्ये मुंबई सोडली. चार बंदरांत थांबून मे २०१० मध्ये ते परतले. याच नौकेतून अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये कोठेही न थांबता प्रदक्षिणा केली.