शब्दवेध : कृत्तिका

बारशाच्या याद्यांत हल्ली ‘कृतिका’ दिसते. नक्षत्राचे नाव मात्र ‘कृत्तिका’, जोडाक्षरासह. ते ‘कृत्’ म्हणजे कापणे या धातूशी जोडतात. ज्योतिषग्रंथांत या नक्षत्राची आकृती वस्तऱ्याची आणि देवता अग्नी. अशा धारदार तारकांना पुराणांनी आया केले. सहा कृत्तिकांनी स्कंदाला पाजले. सहाही जणींचे दूध पिता यावे म्हणून तो षडानन झाला आणि मातांवरून कार्तिकेय म्हणवला. पौर्णिमेचा चंद्र ज्या महिन्यात कृत्तिकांपाशी येतो, तो कार्तिक. जन्मनक्षत्रावरून नाव देण्याची रीतही जुनीच. अर्जुन ‘फाल्गुन’ ठरला तो फल्गुनी नक्षत्रामुळे. पाणिनीने तर अशा नावांसाठी सूत्रे रचली. म्हणून जन्मदाखल्यावर जोडाक्षर जपा; ते गाळले तर कृती उरते, तारका निसटतात.