पहिला नंबर कुणाचा?

मराठी माणसाला क्रम लावल्याखेरीज चैन पडत नाही. फराळाच्या ताटापाशी बसला, की चकली कुणाकडची खुसखुशीत, अनारसा कुणाचा जाळीदार आणि करंजी कुणाची नुसतीच फुगलेली, याचा निकाल त्याला तिथल्या तिथे हवा असतो. गवई, नट, क्रिकेटचा खेळाडू, इतकेच काय पण बसस्टँडासमोरची भज्यांची गाडी, साऱ्यांना तो पहिला-दुसरा-तिसरा असे नंबर देऊन मोकळा होतो. या छंदातून मुले सुटतील अशी आशा करण्यात अर्थ नाही. ती मोठ्यांचे पाहूनच शिकतात.

आमच्या गोतावळ्यातली निम्मी घरे नांदेडला, निम्मी लातूरला. दिवाळीत सगळी एकत्र जमली, की मुलांचा एक वाद ठरलेला असतो : कार्टूनचा सर्वांत चांगला सिनेमा कोणता? व्यंगपट, सचेतनपट असे शब्द जाणत्या मंडळींनी पुष्कळ घडवले. मुलांनी मात्र 'कार्टून' एवढा एकच शब्द उचलला, तेव्हा मीही तोच वापरतो. नांदेडची फौज १९९४ च्या 'लायन किंग'ची. लातूरकरांचा कौल २००५ च्या 'हनुमान'ला. थोरली नात कॉलेजात जाते. ती मियाझाकी या जपानी दिग्दर्शकाच्या 'स्पिरिटेड अवे'पुढे बाकी सर्वांना बालवर्गात बसवते. आमचे मेहुणे सत्तरीचे, पण 'बांबी'तल्या पाडसाची आई शिकाऱ्याच्या गोळीने मरते, तो प्रसंग नुसता सांगतानासुद्धा त्यांचा आवाज बदलतो. धाकट्याला २०२५ चा 'महावतार नरसिंह' सोडून दुसरे काही ऐकूनच घ्यायचे नसते.

"आबा, तुम्ही सांगा की, पहिला नंबर कुणाचा?" असा प्रश्न शेवटी माझ्यावर येतो. मी जन्मभर शाळेत मार्क देण्याचे काम केले, म्हणून हा मान. पण सोयरीक जुळवायची तर आधी कुळी विचारावी, हा आमच्याकडचा रिवाज. तेव्हा निकालाआधी या कार्टूनची कुळी सांगणे मला भाग पडते. मौज अशी, की मुले जिला अमेरिकेची नाहीतर जपानची समजतात, त्या कलेचे काही धागेदोरे आपल्या गोदावरीच्या काठी सापडतात.

नांदेडला जी गोदावरी येते, ती पैठणवरून येते. त्या पैठणच्या नावाने ओळखली जाणारी जुनी चित्रे पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात पाहायला मिळतात. मोठाले डोळे, लांब दाढ्या, ठसठशीत रंग, आणि विषय रामायण-महाभारतातले. ही चित्रे भिंतीवर टांगण्यासाठी नव्हती. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवायची, त्यांची पोथी करायची आणि ती घेऊन चित्रकथ्याने गावोगाव फिरायचे. एक चित्र पुढे धरून तो कथा गाई. प्रसंग संपला की चित्र उलटे, पाठीवर पुढचा प्रसंग तयार! चित्र हलत नसे, सांगणाऱ्याचा आवाज ते हलवी. कोकणात कुडाळजवळच्या पिंगुळी गावातील ठाकर कलावंतांनी ही चित्रकथी अजून जिवंत ठेवली आहे. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. आणि याहून मागे जायचे तर मराठवाड्यातच अजिंठा आहे. तिथल्या १७ क्रमांकाच्या लेण्यात जातककथा रंगवल्या आहेत. एकाच भिंतीवर तेच पात्र पुन्हा पुन्हा येते आणि बघणाऱ्याची नजर सरकेल तशी गोष्ट पुढे सरकते.

नजर सरकवण्याऐवजी चित्रच सरकवावे, ही किमया आपल्याकडे प्रथम केली ती दादासाहेब फाळके यांनी. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा, हे पोरांनाही पाठ असते. त्याआधीची, १९१२ मधली वाटाण्याची गोष्ट मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. सिनेमा काढायला पैसा हवा, आणि पैसेवाल्याला खात्री हवी. फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोखला आणि रोज थोडी थोडी फिल्म घेत रोप वाढेपर्यंत धीर धरला. पडद्यावर ती पट्टी धावली तेव्हा बीज फुटले, अंकुर वर आला, पाहता पाहता वेल झाला! भांडवल देणाऱ्याचे समाधान झाले ते हे पाहून. पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१५ च्या सुमारास, त्यांनी 'आगकाड्यांची मौज' केली. काड्या किंचित हलवायच्या, एक चित्र टिपायचे, पुन्हा हलवायच्या. घराघरातल्या आगपेटीतून त्या माणसाने खेळ उभा केला.

त्यानंतर १९३४ साली प्रभात कंपनीने 'जंबूकाका' काढला. प्रभात कोल्हापुराहून पुण्याला येऊन तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. हे चित्र रघुनाथ केळकरांचे. जंबुक म्हणजे कोल्हा, हे आजच्या मुलांना सांगावे लागते. त्या काळच्या पंचतंत्र वाचणाऱ्या मुलांना नुसत्या नावावरूनच कळले असेल, की स्वारी लबाड असणार.

पण एकट्यादुकट्याच्या हिंमतीवर ही कला टिकत नाही, कारण तिचा हिशेब भयंकर आहे. पडद्यावर एका सेकंदात २४ चौकटी धावतात. एक चित्र दोन चौकटींपुरते वापरायचे म्हटले, तरी सात मिनिटांच्या गोष्टीला ५,०४० चित्रे लागतात. एवढा व्याप सांभाळायला पदरी माणसे ठेवणारी संस्था लागते. ती १९५६ साली मुंबईत झाली. सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनने आपला कार्टून विभाग काढला आणि शिकवायला डिस्नेकडचे क्लेअर वीक्स आले. ते भारतातच जन्मलेले, मिशनऱ्याचे चिरंजीव. 'बांबी'च्या चित्रकारांपैकी एक! त्यांच्या हाताखाली ग. के. गोखले, राम मोहन ही मंडळी तयार झाली आणि १९५७ मध्ये 'बॅनियन डिअर' बाहेर पडला. गोष्ट जातकातली : गाभण हरिणीची पाळी आली, तेव्हा कळपाचा राजा तिच्या जागी आपली मान पुढे करतो. मेहुण्यांना मी दरवर्षी सांगतो, की तुमच्या बांबीचा हा चुलतभाऊच. तिकडे आई जाते, इकडे राजा आईला वाचवतो.

त्याच १९५६ मध्ये, १ नोव्हेंबरला, आमचा मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात आला. मुंबईत कागदावर हरणे धावू लागली आणि आम्ही मुंबईचे झालो, एकाच वर्षी. त्या काळी चित्रगृहात मुख्य खेळाआधी फिल्म्स डिव्हिजनचा लघुपट दाखवणे बंधनकारक होते. मोठी माणसे तेवढ्या वेळात पान खाऊन येत. पोरे मात्र जागची हलत नसत, न जाणो आज कार्टून लागले तर! माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत तंबूतल्या सिनेमासमोर जमिनीवर बसून आम्हीही अशीच वाट पाहिली आहे.

आता ज्याचे नाव घेतल्यावर आमच्या घरातल्या तीन पिढ्या एका सुरात गाऊ लागतात, त्या १९७४ च्या 'एक अनेक और एकता'कडे येतो. दिग्दर्शन विजया मुळे यांचे, चित्रे भीमसैन यांची. थोरली बहीण धाकट्या भावाला एक आणि अनेक यांतला फरक समजावते. जाळ्यात सापडलेले पक्षी एकजुटीने जाळ्यासकट उडतात आणि उंदीर ते जाळे कुरतडतात. सात मिनिटांचा जीव, पण दूरदर्शनने तो घरोघर पोचवला. पंचतंत्रातली ही कथा आजीकडून ऐकलेली असूनही, ती चिमण्यांची झेप पाहताना छाती भरून येते.

दूरदर्शनवरूनच १९९३ मध्ये मोगली आला. जपानी चित्रकारांनी काढलेला, हिंदीत बोलणारा, आणि शेरखानाचा आवाज आपल्या नाना पाटेकरांचा. त्याच वर्षी ३० सप्टेंबरच्या पहाटे, गणपती बोळवून लोक निजले असताना, किल्लारी-सास्तूरकडे भूकंप झाला. गावेच्या गावे दगडामातीखाली गेली, हजारो माणसे गेली. पुढे हिवाळ्यात आम्ही काही शिक्षक पत्र्याच्या शेडमध्ये मुलांना शिकवायला जात होतो. मुले शहाण्यासारखी वागत; तेच बघवत नसे. एका रविवारी कुणीतरी आणून ठेवलेल्या टीव्हीवर मोगली लागला. लांडग्यांनी वाढवलेले ते पोर उघड्या अंगाने फांद्यांवरून उड्या मारू लागले आणि समोरची पोरे हसली. एक सातआठ वर्षांचा मुलगा मला म्हणाला, "गुरुजी, ह्याला बी कुणी नाही, तरी कसं खेळायलंय बघा." त्या दिवसापासून कार्टूनला पोरखेळ म्हणणाऱ्याशी मी वाद घालत नाही. मी उठून जातो.

पुढचा इतिहास मुलांना माहीत आहे. भारतातल्या उत्खननावर माहितीपट करता करता युगो साको या जपानी गृहस्थाला रामायणाने झपाटले; राम मोहन यांच्या साथीने १९९२ मध्ये 'रामायण' तयार झाले. मग व्ही. जी. सामंतांचा 'हनुमान', मग टीव्हीवरचा छोटा भीम. मराठीत २०१८ साली 'प्रभो शिवाजी राजा' आला. मात्र मराठी कार्टूनची यादी करायला बसले, की बोटे उरतात आणि नावे संपतात.

खरा सल इथेच आहे. ते 'रामायण' जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा चित्रगृहांत आले. हिंदी, तामीळ, तेलुगू आणि इंग्रजी या चार भाषांत. मराठी त्यांत नव्हती. आमच्या देगलूर-धर्माबादकडे घराघरात तेलुगू बोलली जाते. म्हणजे एकाच गल्लीतल्या दोन मित्रांपैकी एकासाठी राम त्याच्या आईच्या भाषेत बोलला, आणि दुसऱ्याला तो हिंदीत ऐकावा लागला. फाळक्यांच्या, प्रभातच्या, चित्रकथ्यांच्या मुलुखातले हे पोर! आमचा धाकटा नातू कार्टूनमधली भांडणे हिंदीत खेळतो आणि पडला-झडला की मराठीत रडतो. रडण्यापुरतीच मराठी उरावी काय?

माझे मेहुणे यावर म्हणतात, "आबासाहेब, नंबर चित्राला द्यायचा का भाषेला?" प्रश्न रास्त आहे. नात म्हणते, चांगले चित्र भाषेवाचूनही कळते, तेही खरे. पण चित्रकथ्याची पोथी उलटताना आवाज कुणाचा, याला काहीतरी मोल असणारच.

तेव्हा माझा निकाल असा. तिसरा नंबर 'बॅनियन डिअर'ला, कारण बाहेरून आलेली विद्या त्याने आपल्या गोष्टीला जुंपली. दुसरा मोगलीला, हा सिनेमा नव्हे, मालिका आहे, अशी हरकत नातीने घेतली आहे, ती मी नोंदवून फेटाळली आहे. पहिला 'एक अनेक और एकता'ला. "सात मिनिटांचा सिनेमा असतोय व्हय?" असा नांदेडकरांचा सवाल आला. चकली तरी केवढी असते?

लातूरकरांनी या निकालावर अपील केले आहे. त्याची सुनावणी भाऊबीजेच्या जेवणानंतर व्हायची आहे. तोवर मी मुलांना एक काम लावून दिले आहे : शंभर पानी वहीच्या कोपऱ्यात वाटाण्याचा अंकुर काढायचा, पानागणिक थोडा थोडा उंच. वेल वर चढला, की त्याला बोलायला लावायचे, आणि ते मराठीत. आपल्या घरी वाद रंगला, तर वाचकांनीही आपले तीन नंबर ठरवावेत आणि एखादी कोरी वही मुलांच्या हाती द्यावी.