तालीम, मैदान आणि माझी शुगर

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा आणि शेवटपर्यंत वाचा, कारण शेवट आपल्या गावाशी संबंधित आहे.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी रिपोर्ट हातात देऊन सांगितलं, "शुगर बॉर्डरवर आहे, रोज व्यायाम करा." आम्ही पत्रकार. रात्री उशिरा बातम्या पाठवायच्या, सकाळी उशिरा उठायचं, दिवसभर गाडीवर आणि चहावर. तरी जोशात जिमचे वर्षाचे पैसे भरले. गेलो किती दिवस? एकोणीस. समोर आरसा, कानात कुणाचंतरी ढणढण गाणं आणि आपण एका जागी पळतोय. विसाव्या दिवशी पाऊस आला आणि मला कारण मिळालं.

मग वाटलं, आपण आळशीच. पण माझे आजोबा सत्तरीपर्यंत ताठ चालायचे आणि "मी व्यायाम करतो" असं वाक्य त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. ते म्हणायचे, "तालमीत जातो." आजी तर काहीच म्हणायची नाही, श्रावणात फुगडीला सगळ्यांत आधी उभी राहायची. म्हणून जरा मागे जाऊन वाचायला सुरुवात केली. आपल्या मुलखातली माणसं घाम गाळायची ती कशासाठी? आणि रोज यायची ती कशाच्या ओढीने?

सुरुवात शब्दापासूनच करू. तालीम हा मूळ अरबी शब्द, अर्थ शिक्षण. आपण नाटकाच्या सरावालाही तालीम म्हणतो. म्हणजे तालीम ही शिकायची जागा. तिथे वस्ताद असायचा, जोडीदार असायचा, रोज एखादा नवा डाव असायचा. जोर-बैठका आणि सपाट्या मारायच्या त्या त्या डावासाठी. हौद्यातली लाल माती ताक, तेल, हळद घालून मळलेली. ती उकरणं हाच अर्धा व्यायाम, आणि तो चारजण मिळून करायचे. एखादा पोरगा दोन दिवस आला नाही की तिसऱ्या दिवशी वस्तादाचा निरोप घरी. जिमच्या ॲपवरून येणारा मेसेज आणि हा निरोप यात किती फरक आहे, ते ज्याने दोन्ही अनुभवलंय त्यालाच कळेल.

त्यात जत्रा. जत्रेतल्या कुस्त्यांची उतरंड आठवते का? सर्वांत आधी बारक्या पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग नारळावरच्या, मग रोख इनामाच्या आणि शेवटी मोठी निकाली कुस्ती. सात वर्षांचं पोरगं मूठभर रेवड्या जिंकून घरी यायचं आणि आळीभर मिरवायचं. त्याला दुसऱ्या दिवशी तालमीत ढकलावं लागत नव्हतं.

या रचनेमागे राजाश्रयही होता. राजर्षी शाहू महाराज स्वतः मल्ल होते. 1902 साली ते विलायतेला गेले, युरोप पाहिला, रोमचं जुनं कलोसियम पाहिलं आणि त्या धर्तीवर कोल्हापुरात खासबाग मैदान उभं केलं. ते 1912 साली खुलं झालं. मध्ये खोलात आखाडा आणि भोवती वर चढत गेलेली बैठक, म्हणजे मागच्या माणसालाही कुस्ती दिसावी. खासबाग झालं, पण त्याचबरोबर पेठापेठांतल्या तालमीही राहिल्या. मोतीबाग, गंगावेस ही नावं आजही कुस्तीवाल्यांच्या तोंडी आहेत. कोल्हापुरात तालीम म्हणजे पेठेचा गणपती, पेठेचा फुटबॉल आणि पेठेची भांडणंसुद्धा. व्यायाम त्या सगळ्याच्या मध्ये होता, बाजूला काढलेला नव्हता.

याच मातीतून खाशाबा जाधव आले. कराडजवळच्या गोळेश्वरचे. वडील पैलवान, घरातच कुस्ती. 1952 साली हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या प्रवासासाठी लोकांनी वर्गणी काढली होती आणि परत आल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ज्यांनी वर्गणी दिली त्यांतले किती जण स्वतः मातीत उतरले असतील सांगता येत नाही, पण कुस्ती त्यांची स्वतःची होती.

आता मल्लखांब. बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या चालुक्य राजाच्या ग्रंथात याचा उल्लेख सापडतो. मध्ये तो मागे पडला. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी त्याला पुन्हा उभं केलं. आख्यायिका अशी, की परमुलखातल्या दोन मल्लांनी पेशव्यांच्या दरबारात आव्हान दिलं, बाळंभटदादांनी ते घेतलं आणि तयारीसाठी सप्तशृंगीवर गेले. तिथे मारुतीने स्वप्नात येऊन लाकडी खांबावर डाव दाखवले. आख्यायिका बाजूला ठेवू. मुद्दा हा, की जोडीदार नसला तर खांबालाच जोडीदार करा, त्याला एरंडेल तेल लावा म्हणजे तो निसटेल, आणि त्याच्याशी झोंबा. व्यायामातून खेळ कसा काढायचा याचं याहून चांगलं उदाहरण मला सापडलं नाही. पोरं आजही मल्लखांबावर चढतात ती चढायची मजा येते म्हणून. दंड भरतात ते आपोआप.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्याकडच्या काही शहाण्या माणसांच्या लक्षात एक गोष्ट आली. गोऱ्या साहेबाचं क्रिकेट आणि टेनिस वाढतंय, त्याला नियम आहेत, क्लब आहेत. आपले खेळ मात्र आळीप्रमाणे बदलतात; एका गावचा हुतुतू दुसऱ्या गावाला कळत नाही. मग पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने 1914 साली खो-खोचे नियम बसवायला घेतले. बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने 1923 साली हुतुतूचे नियम छापून स्पर्धा भरवली. त्याच 1914 साली अमरावतीत वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केलं. या मंडळाचा चमू 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे गेला आणि कबड्डीसकट आपले खेळ त्याने जगाला करून दाखवले. बडोद्यातच दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी व्यायामावर मराठीत ज्ञानकोश काढला. एक-दोन नाही, दहा खंड! म्हणजे आपल्या भाषेत या विषयाची केवढी श्रीमंती होती बघा.

आणि खो-खोला लागतं काय? दोन खांब आणि मोकळी जागा. कबड्डीला तर खांबही नको. गरिबाच्या पोराला परवडतील असे हे खेळ टिकले, कारण त्यांना फक्त दोनच गोष्टी लागत होत्या, सवंगडी आणि मैदान.

इथे औंधच्या राजांचं सांगितलंच पाहिजे. भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः रोज सूर्यनमस्कार घालायचे, त्यांनी संस्थानातल्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार सक्तीचे केले, त्यावर पुस्तक लिहिलं, आणि 1938 साली त्यांचं इंग्रजी पुस्तक थेट लंडनहून निघालं. माणूस मोठाच. राजाने स्वतः घाम गाळून प्रजेला सांगणं हे आज कुठे दिसतं? पण माझं मत विचाराल तर सक्तीची एक मर्यादा असते. आपण सगळ्यांनी शाळेत कवायत केली. पांढरा गणवेश, "एक साथ सावधान". शाळा सुटली त्या दिवशी कवायत सुटली. पण मधल्या सुट्टीत खेळलेली कबड्डी? पन्नाशीचा माणूससुद्धा मैदानाकडेने जाताना दोन मिनिटं थांबून बघतो. कोणती गोष्ट अंगात राहिली हे यावरून कळतं.

बायकांचं काय, हा प्रश्न माझ्या बायकोने विचारला आणि तो बरोबर होता. तालमीत बायकांना जागा नव्हती, हे सरळ मान्य करू. झाशीची राणी लहानपणी मल्लखांब शिकली असं सांगितलं जातं, पण अशी उदाहरणं बोटांवर मोजण्याइतकी. बायकांनी आपला खेळ वेगळा काढला. मंगळागौरीची रात्र आठवा. झिम्मा, फुगडी, पिंगा आणि कितीतरी प्रकार. पहाटेपर्यंत बायका नाचायच्या, दमायच्या, हसायच्या. जिमवाले ज्याला कार्डिओ म्हणतात ते आणि काय वेगळं असतं? तुकोबांच्या गाथेतही फुगडी, हमामा, टिपरी अशा खेळांवरचे अभंग आहेत. आणि वारी? आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. साठीच्या मावश्या डोक्यावर तुळस घेऊन चालतात आणि मुक्कामाला पोचल्यावर फुगडी घालतात. त्यांना कुणी सांगून बघा की तुम्ही व्यायाम करताय, हसतील तुमच्या तोंडावर.

फक्त एक खोट आहे. मंगळागौर वर्षातून काही दिवस, वारी वर्षातून एकदा. रोजची हक्काची जागा बायकांना आपण तेव्हाही दिली नाही आणि आजही देत नाही.

आता कुणी म्हणेल, या जुन्या गप्पा, शास्त्र काय म्हणतं? शास्त्राचीही एक गोष्ट ऐका, आणि ती एस्टीवाल्यांना आवडेल. लंडनमध्ये जेरेमी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी तिथल्या दुमजली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांचा अभ्यास करून 1953 साली छापला. बस तीच, रस्ता तोच. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिने चढ-उतार करत तिकिटं फाडणार. कंडक्टरांमध्ये हृदयविकाराचं प्रमाण ड्रायव्हरपेक्षा बरंच कमी निघालं. त्या कंडक्टरांनी जिम लावली नव्हती. दिवसातच हालचाल होती. आज जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. भागिले सात केलं तर रोजची बावीस मिनिटंही होत नाहीत. कबड्डीचा एक सामना त्याहून लांब चालतो.

मग आपल्याकडे हे मोडलं कसं? "आजकालची पिढी मोबाईलवर" हे सोपं उत्तर आहे. मी ते लिहिलंही आहे बातम्यांत, आज मागे घेतो. पोरं मोबाईलवर गेली त्याआधी मैदानं गेली. आपल्या गावचंच घ्या. जुनी तालीम आता मंडपवाल्याचं गोदाम आहे. तिच्या शेजारच्या मोकळ्या जागेवर दुकानगाळे झाले. शाळेच्या मैदानाला संध्याकाळी कुलूप. नदीकाठी बसवलेल्या ओपन जिमचे तीन पाळणे गंजलेत आणि एकावर कपडे वाळतात. पोरांनी खेळायचं कुठे, आणि आम्ही चाळिशीतल्यांनी तरी कुठे?

राहिलं बाजारतळामागचं मैदान. खरं सांगायचं तर मला त्यानेच वाचवलं. जिम सोडल्यावर महिनाभराने तिथे सहज उभा होतो. शूटिंगबॉल चालला होता आणि एका बाजूला एक माणूस कमी होता. "ओ पत्रकार, या की!" अशी हाक आली. त्या दिवशी दहा चेंडू सोडले, शिव्या खाल्ल्या आणि दुसऱ्या दिवशी आपोआप परत गेलो. दीड वर्ष झालं, पावसाचे दिवस सोडले तर फारसा खाडा नाही. का? कारण मी गेलो नाही तर सहाचा गडी कमी पडतो आणि फोन येतो. वस्तादाचा निरोप हाच. गेल्या महिन्याचा रिपोर्ट डॉक्टरांनी दोनदा बघितला आणि म्हणाले, "काय करता हो तुम्ही?" म्हटलं, "खेळतो."

त्याच मैदानावर व्यापारी संकुल बांधायचा विषय येत्या सभेत आहे. गाळे हवेत हे मलाही कळतं, नगरपालिकेला उत्पन्न लागतं हेही कळतं. पण गाळे गावात दहा ठिकाणी होतील. मैदान एकदा गेलं की पुन्हा होत नाही, जुन्या तालमीकडे बघा. संस्थानिकांनी ज्या काळात मैदानं बांधली त्या काळात तिजोऱ्या काही ओसंडून वाहत नव्हत्या.

म्हणून मागणं साधं आहे. मैदान राहू द्या. रात्री नऊपर्यंत दोन दिवे लावा. शाळेच्या मैदानाचं कुलूप संध्याकाळी दोन तास काढा. आणि रोजचा एक तास फक्त बायका-मुलींसाठी ठेवा, कडेला बघे न जमता. याला निधी फार लागत नाही, इच्छा लागते.

ज्यांना डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय आणि होत नाहीये, त्यांनी स्वतःला आळशी म्हणणं आधी बंद करा. तुम्हाला जे आवडतं ते शोधा. पोहा, नाचा, सायकल काढा, लेझीम धरा, नाहीतर मित्राला घेऊन टेकडीवर गप्पा मारत चाला. सोबतीला एकतरी असा माणूस ठेवा जो तुम्ही नाही आलात तर फोन करेल.

आणि सभेच्या दिवशी सकाळी अकराला नगरपालिकेत या. मी बातमीसाठी असणारच आहे, पण त्या दिवशी वही खिशात ठेवून मैदानाच्या बाजूने बसणार आहे. तिथून सगळे मिळून मैदानावर जाऊ. आमच्या बाजूला अजूनही एक गडी कमीच असतो.