गर्भात गर्भ
जुळ्यांपैकी एक भ्रूण दुसऱ्याच्या शरीरात अडकून त्याच्याच रक्तावर वाढण्याची दुर्मीळ अवस्था. प्रमाण सुमारे ५ लाख जन्मांत १. एका फलित बीजाचे विभाजन असमान झाल्यास लहान भ्रूण मोठ्याच्या पोटात ओढले जाते, असे मानतात. काही तज्ज्ञ मात्र पोटातली ही गाठ टेराटोमाच (केस, हाडे अशा ऊती असलेला ट्यूमर) समजतात. गाठीत पाठीचा कणा दिसला, की पहिल्या मताचे पारडे जड होते.

सर्वांत गाजलेला रुग्ण नागपूरचा. या छत्तिशीच्या शेतकऱ्याचे पोट वर्षानुवर्षे फुगलेले. लोक थट्टा करीत. १९९९ मध्ये धाप लागू लागल्यावर मुंबईच्या टाटा रुग्णालयात ट्यूमर समजून पोट उघडले, तर शल्यचिकित्सकाच्या हाताला हाडे, केस आणि चक्क एक हात लागला!

२०२५ मध्ये बुलढाण्यात एका गर्भवतीच्या पोटातील बाळात ही अवस्था सोनोग्राफीतच दिसली. जन्मानंतर अमरावतीत बाळावर शस्त्रक्रिया झाली.