विसण घालणारा नळ

बंबातलं कढत पाणी बादलीत काढायचं, गार पाण्याचं विसण घालायचं, हात बुडवून बघायचं आणि मगच लेकराला अंघोळीला बोलवायचं, ही आपली जुनी रीत. आता गावातही छपरावर सोलर आणि न्हाणीघरात गीझर आले. त्यांच्यामागोमाग एकाच दांडीचा नळ आला. प्लंबर त्याला मिक्सर किंवा डायव्हर्टर म्हणतात. विसण घालायचं काम आता तो करतो. तो आला कुठून, हे आज आम्ही सांगणार आहोत.

गोष्ट अमेरिकेतली, १९३७ सालची. सिएटल शहरात आल्फ्रेड मोएन नावाचा कॉलेजचा विद्यार्थी शिकता शिकता एका गॅरेजात काम करायचा. काम संपवून तो हात धुवायला गेला. गरम आणि गार पाण्याच्या दोन चाव्या असलेला तो नळ होता. चावी फिरवताच एकदम कढत पाणी आलं. त्याने हात झटकन मागे घेतला आणि ठरवलं, की एकाच दांडीने नीट मिसळलेलं पाणी देणारा नळ करायचा. पुढे महायुद्ध आलं, धातूची टंचाई झाली. त्यामुळे हे नळ विकायला यायला १९४७ साल उजाडलं. मग १९५४ साली अ‍ॅलेक्स मनुगियन यांनी एकाच दांडीचा, पण आत गोळी फिरणारा वेगळा नळ बाजारात आणला. ते तुर्कस्तानातल्या स्मर्ना शहरात जन्मलेले आर्मेनियन, अमेरिकेत जाऊन स्थायिक झालेले.

या नळांचं काम साधं आहे. दांडी वर उचलली की पाणी वाढतं. बाजूला फिरवली की आत एका पाण्याची वाट मोठी होते, दुसऱ्याची लहान.

पण एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. पाणी किती कढत आहे, हे या साध्या नळाला कळत नाही. टाकीतलं गार पाणी संपलं किंवा स्वयंपाकघरात कुणी गार नळ सोडला, की दांडी न हलवताही अंगावर कढत पाणी येऊ शकतं. कडक उन्हात सोलरचं पाणी ६० अंशांच्याही वर जातं. ६० अंशांच्या पाण्याने मोठ्या माणसाची कातडी पाचएक सेकंदांत गंभीर भाजते. लेकरांची आणि म्हाताऱ्या माणसांची कातडी नाजूक, ती त्याहून लवकर भाजते.

म्हणून दांडी आधी गार बाजूला ठेवून नळ उघडा आणि मग हळूहळू गरमकडे न्या. नळीत साठलेलं पाणी गार असतं. तेवढ्यावरून दांडी पूर्ण गरमकडे ढकलू नका, मागून कढत पाणी येतं. शॉवरखाली उभं राहण्याआधी हाताने पाणी बघा. बादली भरताना आधी गार, मग गरम. लहान मुलांना दांडीला हात लावू देऊ नका. अंघोळ झाली की दांडी गारकडे नेऊनच नळ बंद करा, म्हणजे पुढच्या माणसाला चटका बसणार नाही. नुसते हात धुताना दांडी मधे ठेवली, तर गरम पाणीही वाया जातं आणि वीजही.

गरम बाजू बहुधा डावीकडे असते, पण नळ्या उलट जोडलेल्याही असू शकतात. घरी गेल्यावर तपासा आणि गरम बाजूला लाल रंगाचा ठिपका द्या. ज्यांना वाचता येत नाही, त्यांनाही तो कळेल.