नावी भाषेतील क्रियापदांचे मध्यप्रत्यय

नावी ही पॉल फ्रॉमर या अमेरिकी भाषातज्ज्ञाने जेम्स कॅमेरॉनच्या ‘अवतार’ (२००९) या चित्रपटासाठी घडवलेली कृत्रिम भाषा. तिच्यात काळ आणि क्रियाव्याप्ती, म्हणजे क्रिया पूर्ण की चालू हा भेद, दाखवणारे प्रत्यय धातूच्या शेवटी न लागता त्याच्या पोटात शिरतात. ‘तारोन’ म्हणजे शिकार करणे. त्यात ‘ओल’ शिरला की ‘तोलारोन’ ही पूर्ण क्रिया होते, ‘एर’ शिरला की ‘तेरारोन’ ही चालू क्रिया. भूतकाळाचा ‘आम’ निराळा: ‘तामारोन’. नवशिका ‘ओल’लाच भूतकाळ समजतो आणि तिथेच चुकतो. दोन्ही एकच असते, तर ‘तालमारोन’ (शिकार केली होती) व ‘तारमारोन’ (शिकार करत होता) या संयुक्त रूपांची गरजच उरली नसती.

मराठीत पूर्ण क्रिया म्हणजे भूतकाळच, असा आक्षेप येईल. पण हाकेला ‘आलोच!’ म्हणणारा अजून जागचा हललेलाही नसतो; पूर्णतेचे रूप काळापासून सुटू शकते, हे आपली बोलीच दाखवते. मध्यप्रत्यय ही कृत्रिम करामत आहे, हा दुसरा आक्षेपही टिकत नाही. संस्कृतात ‘युज्’चे ‘युनक्ति’ होताना ‘न’ धातूच्या आतच बसतो (पाणिनीचा ‘श्नम्’), आणि फिलिपिन्समधल्या तागालोगमध्ये ‘सुलात’चे ‘सुमुलात’ होते. नावीत काळाचा व व्याप्तीचा प्रत्यय उपांत्य अवयवाच्या, म्हणजे शेवटून दुसऱ्या उच्चारखंडाच्या, स्वराआधी येतो; बोलणाऱ्याची भावना दाखवणारा मात्र अंत्य अवयवाच्या स्वराआधी. ‘तारेइओन’मधला ‘एइ’ त्या शिकारीबद्दलचा आनंद सांगतो.