आईच्या मांडीवरचे सूर
मेरी लू विल्यम्सची आई लेकीला मांडीवर घेऊन पायपेटी वाजवायची. एक दिवस त्या चिमुरडीने ऐकलेले सूर स्वतःच वाजवले! अमेरिकेत १९१० साली एका काळ्या कुटुंबात जन्मलेली ही मुलगी जॅझची मोठी पियानोवादक झाली.

नवरा अँडी कर्कच्या बँडमध्ये वाजवायचा. ही सुरुवातीला बँडची गाडी चालवायची, अधूनमधून पियानोवर बसायची. चाली सुचायच्या, पण लिहिता येत नव्हत्या. तेही शिकली, मग बँडसाठी संगीत रचू लागली. १९३० सालच्या तिच्या रेकॉर्डी खपल्या, विक्रीतला वाटा मात्र तिला मिळाला नाही. आपल्याला याचं कुठे नवल वाटतंय?

१९४५ मध्ये तिने बारा राशींवर ‘झोडियाक सूट’ रचलं. शेवटची वर्षं, १९७७ ते १९८१, ती ड्यूक विद्यापीठात शिकवत होती. जिथे १९६१ पर्यंत काळ्या विद्यार्थ्यांना प्रवेशच नव्हता.